पाचोळा कुजवणारा जिवाणू आणि न्यूमोनियाचे कवच

पावसाळ्यात अंगणाच्या कोपऱ्यात साचलेला पाला दिवाळीपर्यंत काळा पडतो, चिमटीत धरला तर भुगा होतो. त्याला आपण कुजणे म्हणतो आणि विसरून जातो. पण हिशेब मांडून पाहिला तर गोष्ट साधी नाही. झाडांनी आजवर गाळलेली पाने, वाळलेले गवत, उन्मळून पडलेली खोडे हे सगळे जसेच्या तसे राहिले असते, तर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. जागा आहे, याचा अर्थ कोणीतरी ते सतत संपवते आहे.

हाच हिशेब १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये एका सव्वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने न्यूमोनियाच्या जंतूला लावला. तो डॉक्टर नव्हता. न्यूमोनियाबद्दल त्याला काही माहिती नव्हती. त्याला माहिती होती ती मातीची आणि मातीत कागद कसा कुजतो याची. त्याचे नाव रेने द्युबो.

द्युबो हे नाव पुढे पर्यावरणाच्या संदर्भात जगभर गाजले. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेसाठी बार्बरा वॉर्ड यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले पुस्तक अनेकांनी वाचले असेल. पण त्या लोकप्रियतेमुळे त्यांचे आधीचे काम झाकले गेले असे मला वाटते, म्हणून आज त्याबद्दल.

२० फेब्रुवारी १९०१ रोजी पॅरिसच्या उत्तरेला सँ-ब्रीस गावी त्यांचा जन्म झाला. बालपण गेले एनोव्हील नावाच्या लहानशा शेतकरी खेड्यात. आई-वडिलांचे तिथे खाटकाचे दुकान होते. मुलगा हुशार, खेळाची आवड असलेला. आठ-दहा वर्षांचा असताना त्याला संधिवाताचा ताप आला. घशाच्या साध्या संसर्गानंतर काही मुलांना येणारा हा ताप सांध्यांना दुखवून निघून जातो, पण जाताना हृदयाच्या झडपांवर कायमची खूण ठेवतो. आपल्याकडेही हा आजार अजून गेलेला नाही. रेनेचे हृदय त्या वयापासून अधू झाले. सायकल आणि टेनिस सुटले, अंथरुण आणि पुस्तके आली. त्यातच दृष्टी कमजोर. पुढे आयुष्यभर या माणसाने अधू हृदय सांभाळत काम केले.

१९१४ मध्ये कुटुंब पॅरिसला आले आणि लगेच महायुद्ध सुरू झाले. वडील युद्धावर गेले, डोक्याला जखम घेऊन परतले आणि १९१९ मध्ये वारले. आईला दुकानात मदत करत मुलाने शिक्षण चालू ठेवले. त्याला इतिहास शिकायचा होता. परिस्थिती आणि आजारपण यांनी वेगळेच ठरवले. पुन्हा तापाने गाठल्यामुळे एका नामांकित विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षा हुकली आणि जिथे प्रवेश मिळाला त्या कृषी महाविद्यालयात तो दाखल झाला. १९२१ मध्ये पदवी मिळाली. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे तिथले त्याचे नावडते विषय होते. प्रयोगशाळेत आयुष्य घालवायचे नाही, असे त्याने ठरवूनही टाकले होते.

मग रोम. तिथल्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेच्या मासिकात संपादन सहायकाची नोकरी मिळाली. जगभरातून येणाऱ्या शेतीविषयक लेखांचे सार काढायचे, एवढेच काम. १९२४ च्या वसंतात एका निवांत दुपारी त्याच्या हातात एक फ्रेंच विज्ञान मासिक आले आणि त्यात सर्गेई विनोग्राडस्की यांचा लेख होता.

विनोग्राडस्की हे मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्राचे आद्य पुरुष. कीव्हमध्ये जन्मलेले, तरुणपणी पियानो शिकलेले, क्रांतीनंतर देश सोडून फ्रान्सला आलेले आणि पाश्चर इन्स्टिट्यूटने पॅरिसजवळच्या एका गावात दिलेल्या प्रयोगशाळेत सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा काम सुरू केलेले. त्यांचा मुद्दा असा होता की, एकेक जिवाणू वेगळा काढून, त्याला मांसाच्या रसात वाढवून मातीतले त्याचे काम कळणार नाही. मातीत तो उपाशी असतो, शेजाऱ्यांशी झगडत असतो, जे मिळेल त्यावर गुजराण करत असतो. त्याला तिथेच, त्या परिस्थितीतच पाहिले पाहिजे. नावडत्या विषयावरचा हा लेख वाचून द्युबोचे मन पालटले. आपल्या शास्त्रीय आयुष्याची सुरुवात त्या दुपारी झाली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्याच सुमारास रोममध्ये मृदाशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेला आलेल्या अमेरिकी पाहुण्यांना शहर दाखवायचे काम द्युबोकडे आले. त्या पाहुण्यांत सेलमन वॅक्समन होते, ज्यांना पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळाले. त्याच वर्षी शरद ऋतूत, भाषांतरे करून जमवलेल्या पैशांवर द्युबो बोटीने अमेरिकेला निघाला. पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. योगायोग असा, की त्याच बोटीवर वॅक्समन परतीचा प्रवास करत होते. बोट न्यूयॉर्कला लागेपर्यंत त्यांनी या तरुणाला न्यू जर्सीतल्या रट्गर्स इथल्या आपल्या प्रयोगशाळेत काम करायला तयार केले होते.

वॅक्समन यांनी त्याला विषय दिला तो सेल्युलोजचा. वनस्पतीच्या पेशीभोवतीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, कागदही तेच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ही ग्लुकोजची माळ आहे, हजारो मण्यांची. पिठातला स्टार्चसुद्धा ग्लुकोजचीच माळ आहे, पण मणी एकमेकांना जोडण्याची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि कागद पचत नाही. सेल्युलोजच्या माळा शेजारी शेजारी घट्ट बसून दोरखंडासारखे तंतू होतात, त्यांच्यात पाणीही शिरत नाही. लाकडात तर या तंतूंभोवती हेमिसेल्युलोजचे जाळे आणि लिग्निनचा लेप असतो.

आता जिवाणूची अडचण पाहा. त्याला तोंड नाही, पोट नाही. त्याच्या आवरणातून आत येऊ शकतात ते फक्त लहान रेणू, म्हणजे एखादा-दुसरा ग्लुकोज, फार तर काही मण्यांचा तुकडा. सेल्युलोजचा तंतू त्याच्या स्वतःच्या आकारापेक्षा कितीतरी लांब. अन्न समोर आहे, पण गिळता येत नाही. यावर एकच उपाय उरतो, पचनाची क्रिया शरीराबाहेर करायची. जिवाणू एन्झाइम नावाची प्रथिने तयार करतो आणि ती पेशीबाहेर सोडतो. आपण घास पोटात घेऊन मग त्यावर पाचकरस सोडतो, तो आधी रस सोडतो आणि तयार झालेला घास आत घेतो.

हे काम एका एन्झाइमचे नाही. एक प्रकार माळेच्या मध्येच कुठेतरी काप घेतो. दुसरा त्या कापलेल्या टोकाला धरून दोन-दोन मण्यांचे तुकडे सोडत पुढे सरकतो. तिसरा त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करतो. हेमिसेल्युलोजसाठी निराळी एन्झाइमे. पहिला नवी टोके निर्माण करत नसेल तर दुसऱ्याला धरायला काही मिळत नाही, म्हणून सगळी एकत्र असतील तेव्हाच काम भरभर होते.

प्रथिन पेशीबाहेर जाते कसे, हा आणखी एक पेच. जिवाणूचे आवरण गळके असून चालत नाही, नाहीतर आतले सगळेच वाहून जाईल. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच वीस-तीस अमिनो आम्लांची एक छोटी पट्टी असते. पाकिटावरचा पत्ता म्हणा. आवरणातल्या दारावर ती पट्टी ओळखली जाते, प्रथिन दोऱ्यासारखे सुईच्या नेढ्यातून ओवले जाते आणि बाहेर पडताना पट्टी कापून टाकली जाते. ज्या जिवाणूंना आतले आणि बाहेरचे अशी दोन आवरणे असतात, त्यांना दुसऱ्या दारासाठी आणखी वेगळी यंत्रणा लागते. या पत्त्याच्या पट्टीचा शोध १९७० च्या दशकात गुंटर ब्लोबेल यांनी लावला आणि १९९९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते ज्या संस्थेत होते ती रॉकफेलर, म्हणजे द्युबोंचीच संस्था. द्युबोंच्या तरुणपणी मात्र यातले काहीही माहीत नव्हते. एन्झाइम हे प्रथिनच असते का, यावरसुद्धा तेव्हा वाद चालू होता.

बाहेर सोडलेल्या एन्झाइमचा एक तोटा उघड आहे. खर्च एकाचा, आणि सुटलेली साखर शेजारच्या फुकट्याच्या तोंडी. काही जिवाणूंनी यावर तोडगा काढला आहे. ऑक्सिजनविना जगणारा, उष्णता आवडणारा एक क्लोस्ट्रिडियम आपली डझनावारी एन्झाइमे एका लांब प्रथिनाच्या सांगाड्यावर ओळीने बसवतो आणि तो सांगाडा स्वतःच्या अंगालाच बांधून ठेवतो. सांगाड्याला सेल्युलोज पकडणारा हातही असतो. १९८३ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी या यंत्राचे वर्णन केले आणि त्याला सेल्युलोझोम असे नाव मिळाले. कडबा खाणाऱ्या गाई-म्हशींच्या पोटातल्या काही जिवाणूंतही अशी यंत्रे आहेत. गाय स्वतः सेल्युलोज तोडणारे एकही एन्झाइम बनवत नाही. ती चावते, रवंथ करते, ऊब देते, बाकी सगळे भाडेकरू करतात.

रट्गर्समध्ये द्युबोने विनोग्राडस्कींचा धडा गिरवला. मातीच्या वेगवेगळ्या नमुन्यांत सेल्युलोज मिसळायचे, कधी ओलावा जास्त, कधी हवा कमी, कधी आम्लता वाढवलेली, आणि कोण काम करते ते पाहायचे. एकच माती, एकच सेल्युलोज, पण परिस्थिती बदलली की कुजवणारा बदलत होता. आम्लयुक्त मातीत बुरशी पुढे, हवेशीर आणि आम्लता नसलेल्या मातीत जिवाणू, पाणी तुंबले की ऑक्सिजन न लागणारे निराळेच जिवाणू. परीक्षानळीत काही क्षार विरघळवलेले पाणी आणि त्यात गाळणकागदाची एक पट्टी, एवढ्यावर सेल्युलोज खाणारे जिवाणू वेगळे करायची त्यांची साधी पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. जो कागद खाऊ शकतो तोच त्या नळीत जगतो. १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

नोकरी मात्र नव्हती. एका राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी केलेला अर्ज अमेरिकी नागरिक नसल्यामुळे नाकारला गेला. नकाराच्या पत्रावर कार्यालयातल्या कोणा भल्या व्यक्तीने हाताने एक ओळ लिहिली होती. रॉकफेलर संस्थेतले तुमचे देशबांधव डॉ. अलेक्सी कॅरेल यांचा सल्ला घेऊन पाहा, अशा अर्थाची. द्युबो न्यूयॉर्कला गेला. कॅरेल हे शल्यविशारद, नोबेल विजेते. मातीच्या संशोधकाला ते काय मदत करणार? पण त्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतले आणि जेवणाच्या खोलीत त्याची शेजारची खुर्ची ओस्वाल्ड एव्हरी यांची होती.

एव्हरी पन्नाशीचे, बारीक अंगाचे, मृदू आवाजात बोलणारे, अविवाहित गृहस्थ. कित्येक वर्षे ते एकाच जंतूचा पाठलाग करत होते, न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकसचा. प्रतिजैविके नव्हती त्या काळात हा आजार धडधाकट माणसाला आठवड्याभरात घेऊन जात असे. एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले होते की, या जंतूभोवती जे गुळगुळीत कवच असते ते शर्करेच्या लांब माळांचे आहे. तोवर अशी कामे प्रथिनेच करतात अशी समजूत होती. या कवचामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू धरता येत नाही. कवच नसलेला न्यूमोकॉकस उंदराला टोचला तर उंदीर मजेत राहतो. म्हणजे प्राणघातक काय होते, तर कवच. त्याचे वेगवेगळे प्रकार होते. काहींवर घोड्याच्या रक्तापासून बनवलेली लस-द्रव्ये चालत. तिसऱ्या प्रकारावर काहीच चालत नसे, आणि रुग्ण दगावण्याचे प्रमाण त्यातच सर्वांत जास्त असे.

एव्हरींनी मातीत सेल्युलोज कसे कुजते याबद्दल बारकाईने विचारपूस केली आणि मग तरुणाला आपल्या खोलीत नेऊन कवचाची गोष्ट सांगितली. शर्करेची माळ, जी माणसाच्या शरीरातले कोणतेही एन्झाइम तोडू शकत नाही. द्युबोला ती ओळखीची वाटली. तिसऱ्या प्रकाराच्या कवचाचा मूळ घटक खरोखरच सेल्युलोजच्या जोडमण्याचा जवळचा नातेवाईक आहे. पण द्युबोचा युक्तिवाद रसायनापेक्षा सोपा होता. हा पदार्थ निसर्गात तयार होतो आणि तरी त्याचे ढीग साचलेले दिसत नाहीत. अर्थात त्याला खाणारा कोणीतरी जीव कुठेतरी असलाच पाहिजे. असला तर मी तो मातीतून शोधून काढीन. वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसाचे हे बोलणे एखाद्याने हसण्यावारी नेले असते. एव्हरींनी नेले नाही. काही आठवड्यांनी, द्युबो दूर नॉर्थ डकोटात असताना, बोलावण्याची तार आली.

पुढचे काम कंटाळवाणे होते आणि म्हणूनच कौतुकाचे. ठिकठिकाणची माती आणायची, तिच्यात कवचाची शर्करा मिसळायची आणि दुसरे कोणतेही अन्न द्यायचे नाही. कागदाच्या पट्टीचीच युक्ती. जे उपाशी मरतील ते मरू देत, उरेल तो आपला. शेवटी न्यू जर्सीतल्या क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळांच्या पाणथळ मळ्यातली, कुजक्या पाल्याने भरलेली काळी माती फळली. तिच्यातल्या एका जिवाणूने शर्करा संपवली. द्युबोने त्या जिवाणूच्या वाढीतून एन्झाइम वेगळे काढले आणि १९३० मध्ये एव्हरींसह निष्कर्ष प्रसिद्ध केला.

एन्झाइम न्यूमोकॉकसला मारत नव्हते. ते फक्त त्याचा अंगरखा काढून घेत होते. उघडा पडलेला जंतू मग पांढऱ्या पेशी सहज गिळत. तिसऱ्या प्रकारच्या जंतूची प्राणघातक मात्रा दिलेले उंदीर या एन्झाइममुळे वाचले. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या जंतूवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण त्यांच्या माळेची गुंफण वेगळी. असा नेमका, एकाच बंधावर काम करणारा उपाय वैद्यकात त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

या प्रयोगांत एक बाब अशी आढळली, जिला द्युबो स्वतः सगळ्यात जास्त महत्त्व देत. तो जिवाणू मांसरसासारख्या चमचमीत अन्नावर भरभरून वाढे, पण तेव्हा हे एन्झाइम अजिबात बनवत नसे. कवचाची शर्करा हेच अन्न उरले की मग बनवे. क्षमता अंगात होती, ती गरज पडल्याशिवाय बाहेर येत नव्हती. सेल्युलोज तोडणाऱ्या जिवाणूंचेही तसेच आहे. सुटा ग्लुकोज मिळत असेल तर बहुतेक जण एन्झाइमांचा महाग कारखाना बंद ठेवतात. हा चालू-बंदचा खटका जनुकांच्या पातळीवर कसा चालतो, हे समजायला १९६१ साल उजाडावे लागले. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी ते काम केले आणि नोबेल मिळवले. परिस्थिती सजीवाला घडवते, हा द्युबोंच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांतला विचार या दलदलीतल्या जिवाणूपासून आलेला आहे.

उंदरांनंतर ससे झाले, १९३४ मध्ये माकडांवरही प्रयोग झाले आणि फायदा दिसला. माणसापर्यंत मात्र औषध पोहोचले नाही. त्या काळात ते पुरेसे शुद्ध आणि पुरेशा प्रमाणात बनवणे अवघड होते, आणि तेवढ्यात सल्फा औषधे आली. १९३८ मधले सल्फापिरिडिन न्यूमोकॉकसच्या सगळ्याच प्रकारांवर चालत होते. एका प्रकारापुरत्या एन्झाइमची वाट कोण पाहणार? तिसऱ्या प्रकाराने दगावणाऱ्या रुग्णांना द्युबोंच्या एन्झाइमचा एक थेंबही मिळाला नाही. प्रयोगशाळेत मात्र त्याने इतिहास घडवला. १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे हे दाखवले. त्या द्रावणातून कवचाची शर्करा पूर्ण काढून टाकण्यासाठी त्यांनी वापरले ते हेच एन्झाइम.

द्युबो थांबले नाहीत. जिवाणूच्या एन्झाइमने लघवी-रक्तातले क्रिएटिनिन ओळखण्याची पद्धत त्यांनी १९३७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर काढली. मूत्रपिंडाच्या तपासणीत आज आपण जो क्रिएटिनिनचा आकडा वाचतो, त्याच्या मापनात एन्झाइमांचा वापर पुढे रूढ झाला. मग त्यांनी धाडसी पाऊल टाकले. कवचापुरते का, अख्खा जंतूच खाणारा जीव मातीत का नसावा? मातीला महिनोन्‌महिने जंतूंचे खाद्य देत त्यांनी एक बॅसिलस मिळवला आणि १९३९ मध्ये त्यापासून काढलेले द्रव्य जाहीर केले. त्यातला एक भाग म्हणजे ग्रॅमिसिडिन. हे एन्झाइम नव्हते, जंतूच्या आवरणाला भोके पाडणारा छोटा रेणू होता. शुद्ध करून वैद्यकीय वापरात आलेल्या पहिल्यावहिल्या प्रतिजैविकांत त्याची गणना होते. रक्तात टोचले तर ते तांबड्या पेशीही फोडते, त्यामुळे जखमा आणि डोळ्यांच्या थेंबांपुरतेच राहिले. पण मातीतून प्रतिजैविक मिळू शकते हे सिद्ध झाल्यावर अडगळीत पडलेल्या पेनिसिलिनकडे लोक नव्या उमेदीने पाहू लागले आणि वॅक्समन यांनी आपली प्रयोगशाळा त्याच शोधाला जुंपली. नोबेल वॅक्समन यांना मिळाले, द्युबोंना नाही. याबद्दल ते कडवट झाले असे दिसत नाही. मला मात्र हा अन्याय वाटतो.

त्यांच्या पत्नी मारी लुईझ या पियानोवादक, फ्रान्सच्याच. १९३४ मध्ये लग्न झाले होते. लहानपणी झालेला क्षयाचा संसर्ग शरीरात निद्रिस्त होता. १९४० मध्ये फ्रान्स पडले, मायदेशातल्या माणसांची खबरबात मिळेना, आणि त्याच काळात रोगाने डोके वर काढले. १९४२ मध्ये त्या गेल्या. ज्याने मातीतून जंतूंवरचे औषध काढले त्याच्या घरी जंतूनेच मृत्यू आणला, आणि त्या वेळी क्षयावर जगात कोणतेही औषध नव्हते. द्युबोंना एक प्रश्न छळत राहिला. जंतू तर इतकी वर्षे अंगात होताच. मग आताच का? त्यांच्या मते काळजी, दुःख, कुपोषण यांनी शरीराची परिस्थिती बदलली होती.

दोन वर्षे हार्वर्डला काढून ते १९४४ मध्ये रॉकफेलरला परतले, ते क्षयावर काम करायचे ठरवूनच. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत फार हळू वाढतो आणि मेणचट आवरणामुळे त्याचे गोळे होतात. द्युबोंनी पोषकद्रवात ट्वीन नावाचे साबणासारखे द्रव्य मिसळले, तेव्हा जंतू सुटे सुटे आणि भरभर वाढू लागले. औषधांच्या आणि बीसीजी लशीच्या अभ्यासाला याची फार मदत झाली. तेही माध्यम त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुसऱ्या पत्नी जीन यांनाही क्षय झाला होता, त्या बऱ्या झाल्या. दोघांनी मिळून १९५२ मध्ये क्षयाचा सामाजिक इतिहास लिहिला. औषध येण्याच्या कितीतरी आधी, राहणीमान सुधारत गेले तसे युरोपातले क्षयाचे मृत्यू कमी होत गेले होते, हा त्यातला मुद्दा आपल्याकडच्या चाळी आणि झोपडपट्ट्यांकडे पाहताना आजही आठवावा लागतो.

जंतू औषधांना सरावतील, असा इशाराही ते १९४० च्या दशकापासून देत होते. तेव्हा पेनिसिलिनच्या जल्लोषात ते ऐकायला कोणाला सवड नव्हती. १९६० च्या दशकात रसेल शेडलर यांच्याबरोबर त्यांनी उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. प्रतिजैविके दिली तर आतड्यातली वस्ती विस्कटते आणि उंदीर संसर्गाला बळी पडतो, हे त्यांनी दाखवले. आज आतड्यातल्या जिवाणूंबद्दल रोज काहीतरी छापून येते. आपण खाल्लेल्या पालेभाज्यांतला, डाळींच्या सालांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यातला बराच भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आपल्या एन्झाइमांनी तोडतात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात. अंगणातल्या पाल्याचे जे होते त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

१९६९ मध्ये त्यांना पुलित्झर मिळाले, व्याख्याने आणि मानसन्मान तर चालूच होते. हडसन नदीकाठच्या डोंगराळ भागात घेतलेल्या जमिनीवर ते स्वतः झाडे लावत. लहानपणी अधू झालेल्या हृदयाने त्यांना बरीच वर्षे साथ दिली. २० फेब्रुवारी १९८२ रोजी, एक्क्याऐंशीव्या वाढदिवशीच, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

न्यूमोकॉकसचे कवच अजून चर्चेत आहे. बाळांना दिली जाणारी न्यूमोनियाची लस त्या कवचाच्या शर्करेपासूनच बनते. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये आपली लस बाजारात आणली. तिसरा प्रकार मात्र अजूनही हट्टी आहे. ज्या लशींत तो समाविष्ट आहे त्यांचाही त्याच्यावर इतरांइतका प्रभाव पडत नाही. म्हणून अलीकडे अमेरिकेतील एका गटाने मातीतल्या अशाच एका जिवाणूचे, तिसऱ्या प्रकाराचे कवच तोडणारे एन्झाइम जनुकासह ओळखून काढले आणि ते उंदरांवर पुन्हा तपासून पाहिले. उंदीर वाचले.